वडिलांचा बाप्तिस्मा आणि आईचे नाव

प्रश्न : माझे वडील एकाहत्तर वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. तीन वर्षांपूर्वी आई गेली, त्यानंतर सांगलीचे घर बंद करून ते धाकट्या भावाकडे अमेरिकेतील युटा राज्यात राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी अशा वेषातील दोन तरुण अंगणातला बर्फ काढायला मदत करण्याच्या निमित्ताने घरी आले आणि मग येतच राहिले. आता बाबांनी मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले असून पुढच्या महिन्यातली तारीखही निश्चित झाली आहे. त्यांनी चहा सोडला, हे ऐकून तर मला हसावे की रडावे तेच कळेना. भाऊ म्हणतो, ‘ते आनंदात आहेत, तू मोडता घालू नकोस.’ परवा मात्र बाबांनी फोनवर माझ्याकडे पणजीचे माहेरचे नाव आणि आईची जन्मतारीख मागितली आणि म्हणाले, ‘तुझ्या आईचेही करता येते, मग ती मला कायमची भेटेल.’ माझ्या अंगावर काटा आला. हा बाप्तिस्मा नेमका काय असतो? आईच्या नावाने असे काही करायला मी हरकत घेऊ शकते का? आईचे श्राद्ध आणि सांगलीचे घर यांचे काय? आणि त्या दिवशी मी तिथे जावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांची किल्ली बाबांच्या त्या एका वाक्यात आहे, असे मला वाटते. ‘मला सत्य सापडले’ असे ते म्हणाले नाहीत, ‘ती मला भेटेल’ असे म्हणाले. पण त्या वाक्याकडे येण्याआधी बाप्तिस्म्याचा विधी समजून घेऊ.

या पंथाचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. मॉर्मन हे त्यांच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथावरून लोकांनी दिलेले नाव असून अलीकडे, विशेषतः २०१८ पासून, ते वापरू नये असा आग्रह ही संस्था धरते. सोयीसाठी मी तेच वापरतो. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेयेट या गावी जोसेफ स्मिथ या चोवीस वर्षांच्या शेतकरी तरुणाने ती स्थापन केली. आज तिचे सभासद एक कोटी सत्तर लाखांहून अधिक आहेत. बहुपत्नीत्वाची जी गोष्ट आपल्याकडे मॉर्मन म्हटले की सर्वांत आधी निघते, ती प्रथा संस्थेने १८९० मध्ये सोडून दिली, तेव्हा ती काळजी मनातून काढून टाका.

बाप्तिस्मा मंदिरात होत नाही, वस्तीतल्या साध्या सभागृहात होतो आणि तिथे कोणालाही येता येते. असा एक विधी मी स्वतः पाहिला आहे. भिंतीत बसवलेले, फरशीचे, कमरेएवढ्या पाण्याचे कुंड होते आणि मागच्या रांगेतल्यांनाही दिसावे म्हणून त्याच्यावर तिरका आरसा लावलेला होता. बाप्तिस्मा घेणारा आणि देणारा दोघेही पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरतात. देणारा उजवा हात उंचावून, समोरच्याचे पूर्ण नाव घेऊन, येशू ख्रिस्ताने दिलेल्या अधिकाराने मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो, अशा अर्थाचे एकच वाक्य उच्चारतो आणि त्या माणसाला पाठीकडून क्षणभर पूर्ण पाण्याखाली नेऊन वर काढतो. दोन साक्षीदार डोळ्यांत तेल घालून पाहत असतात, कारण पायाचा अंगठा किंवा केसांची बट जरी पाण्यावर राहिली तरी सगळे पुन्हा करावे लागते. नंतर डोक्यावर हात ठेवून सभासदत्व कायम करतात, तो भाग बहुधा पुढच्या रविवारच्या सभेत होतो. एखादे स्तोत्र, दोन छोटी भाषणे आणि शेवटी खाणे, एवढाच सोहळा असतो.

आपल्या देवांविरुद्ध शपथ घ्यावी लागते का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्राच्या ओळींमागे तो प्रश्न मला दिसला. तशी शपथ नसते. मात्र बाप्तिस्म्याआधी एक मुलाखत होते आणि तिच्यात देव पिता व येशू यांच्यावर श्रद्धा आहे का, जोसेफ स्मिथ हा देवाचा संदेष्टा होता असे मानता का, मागच्या चुकांचा पश्चात्ताप केला आहे का आणि पुढे काही नियम पाळाल का, असे विचारले जाते. या नियमांमध्ये उत्पन्नाचा दहावा हिस्सा संस्थेला देणे येते, रविवार पाळणे येते आणि दारू, तंबाखू, कॉफी यांच्याबरोबर आपला चहाही सोडणे येते. आहाराचे हे नियम २७ फेब्रुवारी १८३३ चे आहेत. बंदी चहाच्या झाडाच्या पानांना आहे, वनस्पतींच्या काढ्याला नाही, तेव्हा गवती चहा आणि आले घालून केलेला काढा बाबांना घेता येईल, एवढा दिलासा देतो. महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, दोन जेवणांचा उपास असतो आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी दिले जातात. आयुष्यभर एकादशी पाहिलेल्या माणसाला यात जड जाण्यासारखे काही नाही. दहावा हिस्सा मात्र जड जाऊ शकतो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने तो आकडा बाप्तिस्म्याआधी वहीत मांडून पाहावा, असे मला स्पष्टपणे वाटते. मुलीने वडिलांशी बोलायलाच हवा असा हा विषय आहे आणि तो धर्माचा नाही.

त्या दोन तरुणांविषयी थोडे विषयांतर करतो. हे अठरा-एकोणीस वर्षांचे प्रचारक ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ, अशी पदवी लावतात आणि पुरुष प्रचारक सुमारे दोन वर्षे हे काम करतात. वर्गात चाळीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाने एका पोराला ‘ज्येष्ठ’ म्हणावे, याची बाबांनाही गंमत वाटली असेल. पण बायको गेल्यावर, परक्या देशात, मुलगा-सून कामावर गेलेली असताना दुपारी दार वाजवून कोणी तासभर ऐकत बसते, ही गोष्ट हलकी समजू नका. ती पोकळी प्रचारकांनी निर्माण केलेली नाही. त्यांनी ती पाहिली, एवढेच.

आता तुमच्या अंगावर काटा आणणाऱ्या प्रश्नाकडे येतो. बाबांनी ज्याचा उल्लेख केला तो मृतांच्या वतीने बाप्तिस्मा आहे, आणि तो या पंथात कसा आला हे पाहिले तर त्याच्या मुळाशीही एक बाप आणि त्याचा दुखरा कोपरा सापडतो.

जोसेफ स्मिथच्या वडिलांचे नावही जोसेफच होते. हा गृहस्थ श्रद्धाळू होता, पण कोणत्याही चर्चमध्ये रमला नाही. न्यूयॉर्क राज्यातील पामायरा परिसरात पंथापंथांत अनुयायांसाठी चढाओढ चालू असताना पत्नी लूसी आणि काही मुले प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गेली, पण हा बाहेरच राहिला. १९ नोव्हेंबर १८२३ रोजी त्यांचा थोरला मुलगा आल्विन पंचविसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने आणि त्यावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधाने गेला. आईवडिलांना म्हातारपणी धड घर असावे म्हणून तो नवे घर बांधत होता. कुटुंबातल्या एका मुलाने पुढे सांगितले की, अंत्यविधीच्या वेळी धर्मोपदेशकाने आल्विन चर्चचा सभासद नसल्यामुळे नरकात गेला असे जवळजवळ सुचवलेच आणि ते वडिलांना अजिबात सहन झाले नाही.

सुमारे साडेसहा वर्षांनी, मुलाने नवी संस्था स्थापन केली त्याच दिवशी, या अठ्ठावन्न वर्षांच्या बापाने मुलाच्या पंथात बाप्तिस्मा घेतला. लूसीने आठवण लिहून ठेवली आहे की, वडील पाण्यातून वर येताना जोसेफ काठावर उभा होता, त्याने त्यांचा हात धरला आणि आपल्या बापाचा बाप्तिस्मा पाहायला आपण जिवंत राहिलो म्हणून देवाचे आभार मानत तो रडला. बापाच्या धर्मांतराने मुलगा रडावा, हा प्रसंग तुमच्याही घरात घडतो आहे, फक्त अश्रूंची जात वेगळी.

पण आल्विनचा प्रश्न उरलाच होता. जर बाप्तिस्म्यावाचून गती नाही, तर जो संस्था जन्माला येण्याआधीच मेला त्याचे काय? १८३६ च्या जानेवारीत ओहायोतील कर्टलंड येथे जोसेफने स्वर्गाच्या सर्वोच्च स्थानी आल्विनला पाहिल्याचे सांगितले. १५ ऑगस्ट १८४० रोजी इलिनॉयमधील नॉवू या गावी एका अंत्यविधीच्या भाषणात त्याने प्रथम जाहीर केले की, जिवंत माणसे आपल्या मृत नातलगांच्या वतीने बाप्तिस्मा घेऊ शकतात. लवकरच एका विधवेने मिसिसिपी नदीत उतरून आपल्या मृत मुलासाठी तो घेतला. त्याच सुमारास म्हातारा जोसेफ मरणशय्येवर होता. ही नवी शिकवण कानांवर पडताच त्याने आल्विनचे लगेच करा असे सांगितले आणि १४ सप्टेंबर १८४० रोजी तो वारला. आल्विनच्या वतीने त्याचा भाऊ हायरम पाण्यात उतरला.

हे एवढे विस्ताराने सांगितले, कारण आपल्याकडच्या माणसाला यातले काहीच परके वाटू नये. पितृपक्षात तीन पिढ्यांची नावे घेऊन पाणी सोडणारा समाज आहोत आपण. मृतांसाठी जिवंतांनी पाण्यात उभे राहून काही करणे आहे आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचते, ही श्रद्धा तुमच्या बाबांना त्या दोन तरुणांकडून शिकावी लागली नसणार. पणजीचे माहेरचे नाव त्यांनी का मागितले, हेही आता लक्षात येईल. असा विधी करायचा तर माणूस नेमका कोण हे ठरायला हवे, म्हणून ही संस्था वंशावळींच्या मागे लागली आणि त्या नोंदींच्या मायक्रोफिल्म तिने सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका डोंगराच्या पोटात जपून ठेवल्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रे तिने घेतली आहेत. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आजोबांची सही शोधलेल्या माणसाला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही.

तरीही साम्य तेवढ्यावरच थांबते, हेही सांगितले पाहिजे. आपला तर्पण करणारा मुलगा वडिलांचा धर्म बदलत नाही. इथे मृत व्यक्तीला नव्या पंथाचे दार उघडून दिले जाते आणि ज्यांना हा अपमान वाटला त्यांची बाजू मला पटते. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने असे बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाल्यावर मोठा संताप उसळला आणि १९९५ मध्ये संस्थेला ज्यू संघटनांशी करार करून ते थांबवण्याचे मान्य करावे लागले.

तुमच्या आईच्या बाबतीत त्यांचा नियम असा आहे : जिचा जन्म गेल्या ११० वर्षांत झाला, तिच्यासाठी विधी करण्यापूर्वी अगदी जवळच्या हयात नातलगाची संमती लागते, आणि या नातलगांत मृत्यूच्या वेळचा जोडीदार, सज्ञान मुले, आईवडील आणि भावंडे येतात. बाबा स्वतःच जोडीदार असल्यामुळे नियमावर बोट ठेवून तुम्हाला त्यांना अडवता येणार नाही. कटू असले तरी उत्तर हेच आहे. दुसरी बाजू अशी की, हे आपोआप होत नाही. बाबांनी आईचे नाव दिले तरच होते. शिवाय ते स्वतः तिच्या वतीने पाण्यात उतरू शकत नाहीत, स्त्रीसाठी स्त्रीच लागते. हा विधी मंदिरात, बारा बैलांच्या मूर्तींवर तोललेल्या कुंडात होतो. पतिपत्नींना अनंतकाळासाठी जोडणारा विधी तर त्याहून पुढचा, त्यासाठी नव्या सभासदाला किमान वर्षभर थांबावे लागते. आणि त्यांच्याच शिकवणीप्रमाणे मृत आत्म्याला हा बाप्तिस्मा स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य असते. तिचे नाव सभासदांच्या यादीतही जात नाही. तुमची आई ‘नाही’ म्हणणारी असेल, तर त्यांच्या हिशेबानेही ती तिथे ‘नाही’ म्हणू शकते.

तेव्हा बाबांशी बोलाल ते देवांविषयी बोलू नका, आईविषयी बोला. वडाला सूत गुंडाळताना सात जन्म हाच पती मिळो असे तिने दर ज्येष्ठी पौर्णिमेला मागितले असेल, तर त्यांना विचारा की तिच्या त्या मागण्याचे ते आता काय करणार आहेत. मॉर्मन शिकवणीत पुनर्जन्म नाही, सात जन्मांच्या जागी एकच, पण न संपणारी सोबत आहे. ते कदाचित म्हणतील की, तिने मागितले तेच मी दुसऱ्या दाराने मिळवतो आहे. पटले नाही तरी ते त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे. आणि मग एवढेच मागा की, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यांचा, पण आईचे नाव तुम्हा भावंडांशी बोलल्याशिवाय देऊ नये. बाप्तिस्म्याची तारीख दोन-तीन महिने पुढे ढकलायला सांगणेही वावगे नाही. विवाहित माणसाला जोडीदाराची संमती लागते, मुलांची लागत नाही. पण थांबायला कोणताही नियम आड येत नाही आणि मन बदलल्यास लेखी कळवून सभासदत्व सोडताही येते.

श्राद्धाविषयी : बाबा ते बहुधा करणार नाहीत. भाऊ करू शकतो, तुम्हीही करू शकता. दहनालाही त्या पंथात बंदी नाही, निर्णय कुटुंबावर सोपवलेला आहे. घराविषयी थोडक्यात सांगतो. धर्म बदलल्याने माणसाचा मालमत्तेवरील हक्क जात नाही, हे १८५० च्या कायद्यापासून ठरलेले आहे. मात्र धर्मांतरानंतर त्यांच्या वारशाला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. म्हणून घर वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित, हे वकिलाला दाखवून बाबांनी मृत्युपत्र करावे. ते त्यांनी तसेही करायलाच हवे होते.

आपल्या भाषेत घरातल्या धर्मांतराची सर्वांत ठसठशीत आठवण नारायण वामन टिळकांची आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहान मुलासह काही वर्षे वेगळ्या राहिल्या. तेव्हा सोवळे, पंगत, पाणवठा सगळेच मध्ये उभे होते. तुमच्यामध्ये आज फक्त साडेअकरा-साडेबारा तासांचा वेळेचा फरक उभा आहे.

जावे का? जमत असेल तर जावे. मंदिरातल्या पुढच्या कोणत्याही विधीला सभासद नसलेल्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे बाबांच्या या नव्या आयुष्यात तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल असा हा जवळजवळ एकच प्रसंग आहे. प्रवास शक्य नसेल तर भावाला सांगून फोनवर पाहा. आणि पणजीचे माहेरचे नाव त्यांना सांगून टाका. ते त्यांच्याही पणतीला कळायला हवे.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. माझ्या वडिलांचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता. कॅनडात असताना त्यांनी मॉर्मन होऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आता ते परत येऊन आमच्या चर्चमध्ये येऊ इच्छितात. त्यांना तिसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?
— एक वाचक, वसई

उत्तर : नाही. मॉर्मनांनी त्यांना पुन्हा पाण्यात उतरवले, कारण बाप्तिस्मा देण्याचा खरा अधिकार जगातून लोपला होता आणि तो १५ मे १८२९ रोजी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येऊन जोसेफ स्मिथला पुन्हा दिला, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून इतर कोणत्याही चर्चचा बाप्तिस्मा ते मानत नाहीत. अजाण बालकाचा तर मुळीच नाही, त्यांच्याकडे किमान वय आठ वर्षे आहे. उलट बाजूने व्हॅटिकननेही २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. शब्द जवळजवळ तेच असले तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन स्वतंत्र आहेत असे मॉर्मन मानतात, त्यामुळे अर्थ बदलतो, हे त्यामागचे कारण.

पण तुमच्या वडिलांना पाळण्यात असताना मिळालेला बाप्तिस्मा कॅथलिक श्रद्धेनुसार पुसला जात नाही आणि पुन्हा दिलाही जात नाही. त्यांनी धर्मगुरूंना भेटून सगळे मोकळेपणाने सांगावे, पापनिवेदन करावे, आणि पुढची पायरी कोणती ते धर्मगुरू सांगतील. तत्पूर्वी कॅनडातील संस्थेकडे नाव कमी करण्याचे पत्र पाठवून द्यावे, नाहीतर वसईतही एखाद्या संध्याकाळी दोन तरुण त्यांची विचारपूस करायला दारात उभे राहतील.